दंडाची पावती की जेवणाचा डबा?

प्रश्न : इंदिरानगरात आमची ६४ फ्लॅटची सोसायटी आहे. यंदा मी सचिव झाले आणि पहिल्याच मीटिंगला जुनं प्रकरण निघालं. २०२१च्या एप्रिलमध्ये ज्या कमिटी मेंबरनी कोरोनाच्या नियमांची यादी टाईप करून बोर्डावर लावली, त्यांनीच पुढच्या आठवड्यात घरात चाळीस माणसांचा साखरपुडा उरकला. बी विंगमधल्या एका घराने पॉझिटिव्ह रिपोर्ट सहा दिवस लपवला. शेजारचे आजोबा नंतर ॲडमिट झाले, वाचले, पण ती दोन घरं आजही बोलत नाहीत. कामाच्या मावशींना गेट बंद होतं आणि आमचीच मंडळी रोज सकाळी घोळक्याने फिरायला जात होती. यंदा पावसाळ्यात फ्लू आला, तर पुन्हा तेच. लिफ्टमध्ये खोकणाऱ्याला विचारलं की ‘ॲलर्जी आहे’. यातलं कोणी अडाणी नाही. इंजिनिअर, शिक्षक, बँकेतले आहेत. किती सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. २०२७च्या सिंहस्थाला शहरात गर्दी होणार म्हणून कमिटी आत्ताच साथीची नियमावली करते आहे आणि नियम मोडणाऱ्याला ५०० रुपये दंड ठेवायचा म्हणते. लोक असं का वागतात? आणि दंड ठेवू का?
— एक सचिव, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आजारपणाशी जोडलेला एकही दंड ठेवू नका. पार्किंग, कचरा, गच्चीची किल्ली यांवर काय ठेवायचा तो ठेवा. ताप, खोकला, रिपोर्ट आणि घरी थांबणं यांवर नको. का, ते तुमच्याच पत्रातल्या माणसांवरून सांगतो.

तुम्ही तीन प्रसंग एका दमात लिहिलेत आणि तिन्हींना ‘नियम मोडला’ म्हटलंत. पण ही तीन वेगळी दुखणी आहेत. साखरपुडा करणाऱ्याला धोका दिसलाच नाही. रिपोर्ट लपवणाऱ्याला धोका दिसत होता, पण सांगणं परवडत नव्हतं. आणि मावशींच्या बाबतीत मुळात नियमच वाकडा होता. तिघांनाही ५०० रुपयांची एकच गोळी दिलीत, तर पहिला ती हसत गिळेल, दुसरा जास्त लपवेल आणि तिसरीला ती देताच येणार नाही, कारण तिचं तेवढं मिळकतीचं गणितच नाही.

लपवण्यापासून सुरुवात करू, कारण साथीत सगळ्यात महाग पडतं ते हेच. मास्क नाकाखाली असलेला माणूस निदान दिसतो, त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकता येतं. लपवलेला आजार शेजाऱ्याला दिसतच नाही.

त्या घराचा तेव्हाचा हिशेब त्यांच्या बाजूने मांडून बघा. रिपोर्ट सांगितला असता तर दारावर कागद, जिन्यात दोरी, कदाचित पत्रे. दूधवाला खालूनच परत. मुलाला खेळायला कोणी बोलावणार नाही. नोकरीवर कळलं की पगाराचा प्रश्न. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी थांबायला सांगितलेल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. उद्देश चांगला असेल, पण आजार म्हणजे हाताला लागलेला डाग ही समजूत तिथे पक्की झाली. आणि महिना कुठला, तर एप्रिल २०२१. बेड मिळेना, ऑक्सिजन मिळेना. २१ एप्रिलला आपल्याच शहरात झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त रुग्ण दगावले. त्या आठवड्यात ‘सांगितलं तर उचलून नेतील’ ही भीती वेडगळ नव्हती. आता दुसरी बाजू : सांगून त्या घराला काय मिळणार होतं? काहीच नाही. सांगण्याचा फायदा सगळा शेजाऱ्यांना, तोटा सगळा स्वतःला. इतका उफराटा व्यवहार असेल तर भला माणूससुद्धा दोन दिवस ‘बघू, साधा ताप असेल’ म्हणतो. दोनाचे सहा कसे झाले ते त्यालाही कळत नाही.

ही काही आजची गोष्ट नाही. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७मध्ये साथरोग कायदा झाला. २०२०चे आदेश त्याच कायद्याखाली निघाले, हे तुमच्या कमिटीला सांगा, मजा वाटेल. तेव्हा घरोघरी झडत्या, रुग्णाला जबरदस्तीने हलवणं, सामान जाळणं असा सरकारी खाक्या होता. लोकांनी रुग्ण लपवले, गाव सोडून पळाले आणि प्लेग सोबत घेऊन गेले. पुण्यात तो राग रँडच्या खुनापर्यंत गेला, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. साथीच्या दृष्टीने त्यातला धडा मात्र साधा आहे. झडती जितकी कडक, तितके रुग्ण आतल्या खोलीत.

म्हणून नियमावलीचं पहिलं पान दंडाचं नको, डब्याचं हवं. आजार सांगितला की त्याच दिवशी घराला काय मिळतं, ते तिथे लिहा. ६४ फ्लॅटना जमेल असं ते असं :

प्रत्येक विंगचे दोन माणसं ठरवा, एक बाई आणि एक पुरुष. कमिटीतलेच असायला हवेत असं नाही. ज्यांच्या पोटात गोष्ट राहते असे हवेत. आजारी घराने फक्त त्यांनाच कळवायचं. हे दोघं बाकीच्यांना ‘बी विंगला एक डबा हवा’ एवढंच सांगतील. फ्लॅट नंबर, नाव, रिपोर्ट काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. इथेच सगळं फसतं : कोणीतरी काळजीपोटी ‘अमक्यांना लवकर बरं वाटो’ असं ग्रुपवर टाकतं, हात जोडलेले साठ इमोजी येतात, आणि त्यानंतर कोणी सांगत नाही.

डबा दोन वेळचा, पाच दिवस. दहा डबे होतात. ते दहा घरांत वाटले तर प्रत्येकाला एकच पडतो, आणि एका डब्याला कोणी नाही म्हणत नाही. एकाच सुगरण काकूंवर पाचही दिवस टाकलं की तिसऱ्या दिवशी काकूच दार लावून घेतात. डबा दाराबाहेर स्टुलावर, बेल वाजवून निघायचं. भांडी परत मागू नका. आजारी घराला जेवण स्वतःच्याच भांड्यात काढून घेऊ द्या. दूध, औषध, गॅस सिलिंडर आणि घंटागाडीचा कचरा ही चार कामं बाहेरच्याने करायची. कचऱ्याचा एक बारकावा : वापरलेले मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवायचे आणि मग सुक्या कचऱ्यात टाकायचे. कोविडच्या काळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना तीच होती.

फ्लॅटमागे १०० रुपये काढले तर ६,४०० रुपये जमतात. त्यात दोन ऑक्सिमीटर, दोन थर्मामीटर, पन्नासेक एन-९५ मास्क आणि ओआरएसची पाकिटं बसतात. ही पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नका, तिथे ती कुलपात जाते आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्याच्या खिशात सापडते. ऑक्सिमीटरमधले सेल काढून वेगळे ठेवा. आतच राहिले तर वर्षभरात पाझरून यंत्र खराब होतं. वापरताना बोट उबदार हवं, नखाला पॉलिश किंवा गडद मेंदी नको, हात टेबलावर स्थिर ठेवून मिनिटभर थांबायचं आणि स्थिरावलेला आकडा लिहायचा. ९४च्या खाली आला, बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर डबा-बिबा राहू द्या, १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

घरी किती दिवस थांबायचं हा आकडाही पानावर हवा, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा धरतो. साध्या फ्लूत लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस लागण होऊ शकते. पाळायला सोपा नियम असा : पॅरासिटामॉल न घेता सलग २४ तास ताप आला नाही, की बाहेर पडा, पुढचे चार-पाच दिवस लिफ्टमध्ये आणि जिन्यात मास्क. ‘पॅरासिटामॉल न घेता’ हे शब्द ठळक अक्षरात छापा. सकाळी गोळी घेऊन ‘ताप नाहीये’ म्हणत ऑफिस गाठणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच ताप नसतो. दुपारी चारपर्यंत.

आता साखरपुडा. हा गृहस्थ दुटप्पी होता असं सोसायटीत ठरलं असणार, आणि ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण त्यांच्या नावावर जमाही झाली असेल. पण त्या महिन्यातला नियम आठवा. २२ एप्रिल २०२१पासून राज्याचा आदेश होता : लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, २५ माणसांत, मोडलं तर ५०,००० रुपये दंड. दंड बघून कार्यालयवाल्यांनी नकार दिले आणि समारंभ घरांत शिरले. म्हणजे धोका हॉलमधून हॉलमध्ये गेला, कार्यालयाच्या उंच छताच्या हॉलमधून फ्लॅटच्या बारा बाय सोळाच्या हॉलमध्ये, खिडक्या लावून, एसी सुरू. नियम करणाऱ्याने माणसं मोजली, हवा मोजली नाही. तुमच्या नियमावलीत हीच चूक होणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे. साथीत चुकीची शिक्षा वेळेवर मिळत नाही. विजेच्या तारेला हात लावला की झटका लगेच बसतो, माणूस एकदाच शिकतो. इथे लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस, बहुतेकांना पाचच्या आसपास. शिवाय कोविड सगळ्यांकडून सारखा पसरत नव्हता. अंदाज असे होते की बाधितांपैकी साधारण १० ते २० टक्के लोकांकडून ८० टक्के लागण होते, उरलेल्यांकडून जवळपास कोणालाच नाही. याचा अर्थ काय होतो पाहा. दहा जणांनी नियम मोडला तर आठ-नऊ जणांना काहीच झालेलं दिसत नाही. ते प्रामाणिकपणे सांगतात, ‘आम्ही तर मागच्या महिन्यात बारशाला गेलो होतो, कुठे काय झालं?’ अनुभव त्यांना चुकीचं शिकवतो, आणि अनुभवापुढे नोटीस बोर्ड टिकत नाही. शिकलेला माणूस इथे जास्त फसतो, कारण त्याचा स्वतःच्या निरीक्षणावर विश्वास असतो.

आणि ‘आपलीच माणसं’ हे तिसरं. आपल्याला धोका परक्याकडून वाटतो. स्कूटरवर एकटा जाणारा मास्क लावतो आणि गंगापूर रोडला मिसळीच्या टेबलावर पोचला की खाली ओढतो, कारण समोर मित्र आहेत. जिथे हवा मोकळी तिथे मास्क, जिथे तासभर तोंडासमोर तोंड तिथे नाही. मामा, मावशी, साडू यांच्यापासून संसर्ग होईल असं म्हणणं हा त्यांचा अपमान वाटतो. त्यातून मानपान. आजारी आत्या साखरपुड्याला आली नाही तर पुढची दहा वर्षं बोल लावणारे आपणच असतो. मग आत्या खोकत येते.

याला उपाय यजमानाच्या हातात आहे, कमिटीच्या नाही. समारंभाच्या आदल्या दिवशी यजमानाने स्वतः फोन करून पाहुण्याला मोकळं करायचं : ‘आत्या, ताप-खोकला काही असेल तर मुळीच दगदग करू नकोस. आशीर्वाद व्हिडिओवर दे, साडी मी घरी आणून देईन.’ निमंत्रणाच्या मेसेजमध्ये घातलेली ओळ कोणी वाचत नाही. फोनच करावा लागतो. कार्यक्रम गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये घ्यायला सोसायटीने भाडं माफ करावं. घरात करायचाच असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, एका खिडकीत स्टँडचा पंखा तोंड बाहेर करून लावलेला. पंखा आत वळवून लावायची चूक पुष्कळ घरांत होते. म्हातारी माणसं उघड्या खिडकीजवळ, जेवण दोन पंगतींत. पाऊस असेल आणि खिडक्या लावाव्या लागल्या तर माणसं निम्मी. एवढं पानावर लिहिलं की पुरे. ‘समारंभांस सक्त मनाई’ लिहिलंत तर ते दार लावून होतील आणि खिडक्याही लागतील.

मावशींबद्दल थोडक्यात, पण यात आम्ही तुमच्या सोसायटीच्या बाजूने नाही. जो नियम फक्त गेटबाहेरून येणाऱ्याला लागू होतो आणि सकाळच्या घोळक्याला नाही, तो आरोग्याचा नियम नाही हे सगळ्यांना कळतं, वॉचमनलाही. एकदा ते कळलं की बाकीचे नियमही लोक त्याच मापाने मोजतात. उलट बाजूने बघा : सहा घरची धुणीभांडी करणारी बाई तापात का येते? कारण न आलेला दिवस कापला जातो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पेठ, सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्यांना किंवा सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारांना ‘घरी थांबा’ सांगणं आणि त्या दिवसाची मजुरी न देणं, हे दोन्ही एका वाक्यात बसत नाही. तिथे माणूस नियम मोडत नसतो, चूल पेटवत असतो. तुमच्या आवाक्यातलं गणित सोपं आहे. एका घराचा महिना १,५०० रुपये धरला तर पाच दिवसांचे २५० होतात. ताप आला तर पाच दिवस पगारी सुट्टी, असं सहाही घरांनी आधी सांगून ठेवायचं. आधी, कारण ताप आल्यावर सांगितलेलं तिला खरं वाटत नाही. तुम्ही ठेवत असलेल्या दंडाच्या निम्मी रक्कम आहे ही. वॉचमनच्या एजन्सीच्या करारातही बदली माणसाची अट घाला.

दंडाकडे परत येतो, कारण कमिटी विचारणारच. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलाला न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत छोटा दंड लावला. उशीर कमी झाला नाही, साधारण दुपटीवर गेला. आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं वाटत होतं. दंड आल्यावर ती उशिराची फी झाली. गंमत पुढे आहे : दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. ओशाळेपणा एकदा विकला की परत मिळत नाही. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. मार्च २०२१च्या अखेरीस आपल्याकडे बाजारात शिरायला माणशी पाच रुपयांची तासाभराची पावती होती, जास्त रेंगाळलं तर ५०० रुपये. हेतू गर्दी आवरण्याचा होता. पण पावती हातात आली की माणसाच्या डोक्यातला प्रश्नच बदलतो. ‘जायला हवं का?’च्या जागी ‘पाच रुपयांत काय काय उरकेल?’ येतो. दंड तिथे चालतो जिथे मोडणारा हमखास सापडतो आणि मोडणं उघड्यावर असतं. ताप उघड्यावर नसतो.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. सोसायटीला दंड लावायचा तर उपविधीत तरतूद आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सचिव-अध्यक्षांनी परस्पर फाडलेली पावती वादात टिकत नाही. साथीचे सरकारी आदेश मोडले तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम १८८. ते अधिकाऱ्याच्या आदेशाला लागू होतं, कमिटीच्या नोटिशीला नाही.

नोटिशीवरून आठवलं. तुमच्या बोर्डावर बहुधा असं काहीतरी असेल : ‘अनेक सभासद मास्कचा वापर करीत नसल्याचे निदर्शनास आले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल.’ या एका नोटिशीत दोन घोटाळे आहेत. ‘अनेक सभासद’ वाचून मास्क लावणाऱ्याला कळतं की आपण एकटेच वेडे आहोत, आणि तोही काढतो. माणूस नियम वाचून वागत नाही, शेजारी बघून वागतो. ‘कारवाई’ वाचून उरलेल्यांचा ताठा जागा होतो. हक्क काढून घेतोय असं वाटलं की माणूस नेमकं तेच करतो. त्याऐवजी : ‘ए विंगमध्ये तीन दिवसांपासून फ्लू आहे. लिफ्टमध्ये बरेच जण मास्क लावत आहेत, तुम्हीही लावा. मास्क लिफ्टशेजारच्या डब्यात आहेत. ही सूचना रविवारपर्यंत. पुढचं रविवारी कळवू.’ ‘बरेच जण’ हे खरं असेल तरच लिहा. डबा खरंच तिथे हवा, उंची कमरेइतकी, झाकण एका हाताने उघडणारं. ज्याला वर जाऊन मास्क आणावा लागतो तो आणत नाही.

आणि ती ‘रविवारपर्यंत’ ही ओळ विसरू नका. नियमाला शेवटची तारीख नसली की लोक ती स्वतः ठरवतात. २०२०च्या मार्चमध्ये निरोगी माणसाला मास्कची गरज नाही म्हणत होते, एप्रिलमध्ये घरी शिवून लावा म्हणू लागले. माहिती वाढली तसा सल्ला बदलला, यात गैर काही नाही. पण ‘आज एवढं माहीत आहे, बदलेल तेव्हा सांगू’ असं कोणी आधी म्हटलं नाही, म्हणून बदल म्हणजे थाप वाटली. एप्रिल २०२१मध्ये किराणा सकाळी ७ ते ११ एवढाच उघडा होता. दिवसभराची गिऱ्हाइकं चार तासांत कोंबली गेली आणि लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की नियमामुळेच गर्दी झाली. तुमच्याकडे भाजीवाला येतो ना? ६४ घरांतून एकेक जण, प्रत्येकी दहा मिनिटं. दोन तासांची वेळ दिली तर सतत पाच-सहा माणसं गाडीभोवती. सहा तास उभा राहू दिला तर एका वेळी दोघंच. साथीत वेळ कमी करायची नसते, वाढवायची असते.

लिफ्टमधल्या ‘ॲलर्जी’वाल्याशी वाद घालू नका. ‘असेल हो, पण आई-बाबा येतात याच लिफ्टने, हा घ्या मास्क,’ एवढं म्हणून हात पुढे करा. कारण त्याच्याकडून मागू नका, त्याला खोटं बोलायची वेळच आणू नका. मास्क नाकाखाली घसरत असेल तर बहुतेकदा कारण चष्म्यावर येणारी वाफ असतं, आडमुठेपणा नसतो; वरची तार नाकावर दोन्ही बोटांनी दाबून बसवली आणि चष्मा मास्कच्या वर टेकवला की थांबते. कमी ऐकू येणारे आजोबा समोरच्याला मास्क काढायला लावतात, कारण ते ओठ वाचत असतात. त्यांच्याशी उघड्या जागी, दोन हात लांबून बोला.

‘सगळं थोतांड आहे’ म्हणणारे एखादे काका प्रत्येक विंगला असतातच. त्यांना पुरावे पाठवू नका. त्यांच्याकडे जास्त व्हिडिओ आहेत. त्यांनी पाठवलेली अफवा खोडण्यासाठी सुद्धा ग्रुपवर पुन्हा टाकू नका, ती तेवढ्याने आणखी साठ फोनमध्ये जाते. एकट्याला गाठून विचारा, ‘काका, या गोष्टीची गरज तुम्हाला दहापैकी किती वाटते?’ ते म्हणतील, तीन. मग विचारा, ‘एक का नाही म्हणालात?’ आणि गप्प बसा. त्या तीनची कारणं ते स्वतःच्या तोंडाने सांगतील : ‘हिला शुगर आहे’, ‘नात लहान आहे’. तिथून पुढे तुम्हाला फार बोलावं लागत नाही. ‘तीनच का, दहा का नाही?’ असं विचारलंत तर उरलेल्या सातची कारणं ऐकावी लागतील, आणि ती सांगता सांगता काकांची मतं आणखी घट्ट होतील.

राहिली ती दोन घरं. आजोबांना लागण त्याच घरातून झाली हे आता कोणीही सिद्ध करू शकत नाही. त्या एप्रिलमध्ये शहरभर संसर्ग होता आणि लागण ते लक्षणं यांत दोन ते चौदा दिवस जातात. दूध, किराणा, लस घ्यायची रांग, काहीही असू शकतं. हे आजोबांच्या घरी जाऊन शांतपणे सांगा, पण समेटाची मीटिंग बोलावू नका, माफी मागायला लावू नका. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी लपवणाऱ्या घरी जा, चहा घ्या आणि एवढंच विचारा : ‘त्या सहा दिवसांत सोसायटीकडून काय मिळालं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत?’ उत्तरात डबा येईल, किंवा आम्हाला न सुचलेलं काहीतरी. ते घरी आल्यावर वहीत लिहा. त्यांच्यासमोर वही काढू नका.